म्हातारपणाची तालीम

आंबागडच्या शाळेत माझी नेमणूक झाली ती त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरची गोष्ट. एकट्या बाईमाणसाला खोली द्यायला गावात कोणी तयार होईना. हेडमास्तर म्हणाले, "अंजनाबाईकडे विचारून पाहा. घर मोठं आहे, राहणारी एकटीच आहे. फक्त..." आणि ते थांबले. फक्त काय, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

मी भर दुपारी गेले. किल्ल्याच्या डोंगराकडे पाठ करून उभं असलेलं कवेलूच्या छपराचं घर. दार सताड उघडं. आत सपरीत, म्हणजे ओसरीत, एक बाई विळीवर वांगी चिरत बसली होती आणि तिचे डोळे मिटलेले होते. बोटं पात्याला लागतील की काय इतकी जवळ जात होती आणि अलगद मागे येत होती. हाक मारली तर दचकून हात कापून घेईल, म्हणून मी तशीच उभी राहिले. तिनेच तोंड उघडलं.

"नवी चप्पल हाये. गावातली नाही. बसा."

जन्मांध असावी असं समजून मी मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागले, जसं आपण आंधळ्यांशी उगाचच बोलतो. मी कोण, कुठली, खोली कशाला हवी, सगळं सांगितलं. तिने ते शांतपणे ऐकून घेतलं, शेवटचं वांगं चिरून पाण्यात टाकलं आणि मग डोळे उघडले. स्वच्छ, काळेभोर डोळे. माझ्या कपाळावरून पायांपर्यंत एकदा फिरले.

"आंधरी नाही मी," ती म्हणाली. "शिकून राहिली."

"काय शिकताय?"

"आंधरं होनं."

तिथे ळ चा र होतो. डोळ्याला डोरा म्हणतात, आणि बायकाही 'मी जातो, मी करतो' असं बोलतात. "डोरे गेल्यावर शिकनं मुश्कील जाते बाई. हायेत तोवर शिकून घ्यावं," असं म्हणून तिने मला मागची खोली दाखवली. मी त्या घरात चार पावसाळे काढले.

अंजनाबाई तेव्हा पन्नाशीच्या आसपास असेल. केस काळे, पाठ ताठ. धानाचा भारा डोक्यावर घेऊन बांधावरून चालायला लागली की तरण्या पोरी मागे पडत. तरी स्वतःला ती बुडी म्हणायची. बुडी म्हणजे म्हातारी. "बुडीले एवढं पानी देता का?" असं मलाच म्हणायची आणि मी उठेपर्यंत स्वतःच घेऊन आलेली असायची. नवरा लवकर गेलेला, मूल झालेलं नाही. थोडी धानाची शेती होती. आणि घरात बरीच वर्षं आंधळी सासू होती. ती आधी उंबरठ्याला अडखळून पडली, खुब्यात मोडली, काही दिवस पाय ओढत चालली आणि मग खाटेवरच राहिली; शेवटी बोलायचीही थांबली. तिचं सगळं अंजनाबाईने केलं. अंजनाबाईच्या आईचीही उतारवयात नजर गेली होती. "दोन्ही घरून आलं हाये माझ्या वाट्याले," ती म्हणायची. सासूचं रक्त हिच्यात कुठून येणार, असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाली, "तिचं हागनंमुतनं काढलं बाई मी. रक्तापेक्षा कमी हाये का ते?"

तिचं एक वाक्य ठरलेलं होतं. "म्हातारपन जावयावानी असते. येनार हे ठावं असते, पन दारात उभा राहिला का धांदल उडते. मी पाट मांडून ठेवला."

तिचा पाट म्हणजे काय, ते हळूहळू माझ्या लक्षात आलं. मागच्या दारापासून न्हाणीपर्यंत, तिथून विहिरीपर्यंत काथ्याची दोरी बांधलेली होती, कमरेच्या उंचीवर. विहीर जवळ आली की दोरीला मोठी गाठ. सुताराकडून तिने मधोमध भोक असलेली खुर्ची करून घेतली होती आणि ती धुतलेली चादर घालून कोपऱ्यात ठेवली होती. तालुक्याहून शाळा तपासायला आलेले साहेब मला भेटायला घरी आले आणि घरातली एकमेव खुर्ची म्हणून तिच्यावरच बसले. अंजनाबाईने त्यांना तिथेच चहा दिला. मी खाली मान घालून बसले होते.

पण गावाला खुपत होता तो उंबरठा. सासू गेल्यावर तिने घरातले सगळे उंबरठे काढून टाकले होते. पाय अडखळायला नको म्हणून. दाराच्या चौकटी खालून उघड्या, जमीन बाहेरून आत सरळ वाहत गेलेली. पाडव्याला, दिवाळीला ती उंबरठ्याच्या जागी पिठाची रेघ ओढायची आणि तिचीच पूजा करायची. शेजारचे झिबलबुवा सासूच्या वयाचे होते. ते कधी आत आले नाहीत. अंगणातूनच बोलायचे. मला एकदा बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तरीनबाई, ज्या घराले उंबरठा नाही, तिथं आत कोन आलं अन् बाहेर कोन गेलं, समजावं कसं? मले ती डोरे मिटून चालताना दिसली का मी तोंड फिरवतो. ते अंजनाचं चालनं नाही. ते तिच्या सासूचं, बुडीचं चालनं हाये. डावा पाय ओढून."

मी त्यानंतर लक्ष ठेवलं. खरंच होतं. डोळे उघडे असले की अंजनाबाई ताडताड चालायची. दुपारची जेवणं आटोपली, डोळे मिटले, की तिचा डावा पाय जमिनीवरून सरपटायला लागायचा. मी तिला विचारलं. ती हसली नाही की चिडली नाही.

"मी आंधरं चालनं सासूचंच पाह्यलं ना बाई. डोरे मिटले का तेच येते."

नजरेची सोय झाली, आता माणसाची करायची होती. तिचा पुतण्या रामदास जवाहरनगरला कारखान्यात नोकरीला होता. सरळ, मायाळू माणूस. तो दर सणाला येऊन म्हणायचा, "काकू, शेवटी माझ्याकडेच यायचं हाये, तर आताच चाल ना." अंजनाबाईने त्याला नाही म्हटलं नाही. तिने परीक्षा घेतली. त्याची बायको आली होती तेव्हा अंजनाबाई भिंतीला टेकून बसली, डोळे मिटले आणि म्हणाली, "सूनबाई, मले चार घास भरव." सून बिचारी चांगल्या मनाने भरवू लागली. मग गावातल्या एकदोन बायकांनाही तिने तसंच बसवलं. शेवटी सगुनाला.

सगुना नाकाडोंगरीची. नवऱ्याने दुसरी आणली म्हणून मामाकडे आंबागडला आलेली, धानाच्या रोवणीला जायची. वीस-बावीसची असेल. लाखोरीच्या डाळीचं वरण आणि भात कालवून तिने अंजनाबाईला भरवलं आणि त्या दिवशीच अंजनाबाईने तिला ठेवून घेतलं.

"तिच्यात काय एवढं पाहिलं?" मी विचारलं.

"साऱ्याजनी माझ्या तोंडाकडे पाह्यत होत्या. ही गऱ्याकडे पाहे. घास खाली उतरला तवाच दुसरा उचले."

"पण तुमचे डोळे तर मिटलेले होते."

"हो," ती म्हणाली. एवढंच.

पुढे तिने झिबलबुवांसह चार वडीलधाऱ्यांना अंगणात बसवून सांगून टाकलं की सगुना आपलं शेवटपर्यंत करेल आणि हे घर सगुनाचं होईल. रामदासही होता. तो म्हणाला, "काकूचं काकू जाने. पन एकदा माझ्याकडे राहून तं पाह्य." त्यात खोट काही नव्हती, म्हणून ती जवाहरनगरला गेलीही. महिना राहते म्हणाली आणि आठवड्यातच परत आली. काय झालं ते मला रामदासच्या बायकोने नंतर सांगितलं. दुपारी सगळे झोपले असताना अंजनाबाई तालीम करायला म्हणून डोळे मिटून बाहेर पडली, कारखान्याच्या क्वार्टरांच्या ओळीने चालत गेली आणि परतताना भलत्याच क्वार्टरमध्ये शिरली. दार तसंच, भिंती तशाच, स्वयंपाकघर त्याच बाजूला. त्या घरची बाई झोपेतून उठून पाहते तर एक अनोळखी बाई डोळे मिटून तिच्या ओट्यापाशी चहा करते आहे आणि थेंबही सांडत नाही. तिने विचारलं, "कोण तुम्ही?" तर डोळे न उघडता उत्तर आलं, "मी इथंच राह्यतो." किंकाळी ऐकून सगळी ओळ जमा झाली.

मी अंजनाबाईला म्हटलं, "होतं असं. सारखीच घरं ती."

तिला मात्र ते लागलं होतं. "चूक झाली त्याचं काही नाही बाई. पन चूक झाली हे मले समजलंच नाही. मले वाटे, मी घरीच हावो. चहा एकदम बराबर झाला होता."

सगुनाची शिकवणी त्यानंतर सुरू झाली. कसं उठवायचं, कसं धुवायचं, खाटेवरचं माणूस न हलवता चादर कशी बदलायची. एकदा, धान कापून झालं होतं, शाळेला सुट्टी होती. अंजनाबाई सकाळीच म्हणाली, "आज मी पडून राहनार. बोलनार नाही, हालनार नाही. दिवा लागेपर्यंत सगुनानं कराचं."

खाटेवर पडली आणि डोळे मिटले. सुरुवातीला सगुनाला हसू येत होतं. तिने अंजनाबाईची कूस बदलून दिली, तोंड पुसलं. अंजनाबाईचा हात उचलून सोडला तर तो धपकन पडायचा. दुपार झाली तसं तिचं तोंड एका बाजूने थोडं उघडलं आणि लाळ गळायला लागली. एक माशी तिच्या डोळ्याच्या कोपऱ्यात येऊन बसली. पापणी हलली नाही. माशी तिथेच पाय चोळत राहिली.

"बाई," सगुना मला म्हणाली, "ह्या खरंच..."

मी नाडी पाहिली. चालू होती, संथ. मी हाका मारल्या, गाल थोपटले. अंजनाबाई कुठेतरी फार लांब होती. सगुना रडायला लागली. मग रडता रडता थांबली, माशी हाकलली, दोन्ही गुडघ्यांच्या मधे उशी सरकवली, ओला फडका घेऊन ओठ पुसले आणि खाटेशी बसून राहिली. मी पाहत होते. ते रडणं थांबलं त्या क्षणी पोरीचा चेहरा बदलला. वय वाढल्यासारखा.

दिवा लागला तशी अंजनाबाई उठून बसली. चहा मागितला. म्हणाली, "उजव्या कुशीवर नेताना माझा कान दुमडला होता. तो पाह्यत जा." आणि मग बराच वेळ स्वतःच्या हातांकडे पाहत बसली. मी आत जायला निघाले तेव्हा हळूच म्हणाली, "आत गेली का वापस यावंसं वाटत नाही बाई. सासू काहून बोले नाही, ते आज समजलं."

नंतर माझी बदली झाली, लग्न झालं, गोंदियाला संसार मांडला. आंबागडहून कधी कोणी भेटलं की मी विचारायची. "अंजनाबाईची नजर गेली का?" उत्तर यायचं, "नाही जी. डोरे एकदम चांगले." पण सांगणारा पुढे काही बोलायचा नाही आणि मलाही हेडमास्तरांचं ते अर्धवट सोडलेलं "फक्त" आठवायचं.

सातआठ वर्षांनी, चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात, तुमसरला एका लग्नाला गेले होते, तिथून आंबागडला गेले. दुपारच होती. सगुना अंगणात वाळवण राखत बसली होती. पस्तिशीही नसेल, पण केस अर्धे पिकलेले. मला ओळखून ती उठली, पाया पडली, आणि आत न नेता तिथेच कडुनिंबाखाली बसवून दबक्या आवाजात बोलू लागली.

"मावशीचे डोरे नाही गेले बाई. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं पाह्यले. सुईत दोरा ओवतात. पन कोनाच्या घरात बसून ओवून राहिल्या, ते समजत नाही त्याहिले."

सुरुवात अशी झाली की अंजनाबाई संध्याकाळ झाली की पिशवी घेऊन उभी राहायची. म्हणायची, "लय उशीर झाला, मले घरी सोडून द्या." हे तुमचंच घर, असं सगुना सांगायची, तर भिंतीकडे, चुलीकडे, देवळीकडे परकेपणाने पाहायची आणि रडायची. गावभर फिरून यायची, घर सापडायचं नाही. एकदा डोंगराच्या पायथ्याशी सापडली. रामदास येऊन गेला, औषधं झाली. मग एका संध्याकाळी सगुना वैतागून म्हणाली, "चाला, नेतो घरी. पन डोरे मिटा."

अंजनाबाईने डोळे मिटले. मग तिचा डावा पाय ओढला गेला. हात न चाचपडता ती रांजणापाशी गेली, पाणी प्याली, खुंटीवर पिशवी अडकवली, खाटेवर जाऊन बसली आणि म्हणाली, "आली बाप्पा घरी."

"डोरे उघडले का पुन्हा परकं," सगुना म्हणाली. "म्हनून आता मिटूनच असतात. सयपाक करतात, झाडतात, सारं. कशाले हात नाही लावू देत."

"म्हणजे तुला त्रास नाही तसा."

सगुनाने माझ्याकडे पाहिलं आणि नजर वाळवणावर नेली.

"मले त्या सासूबाई म्हनतात," ती म्हणाली. "सासूबाईले भरवल्याबिगर त्या जेवत नाहीत. मी नाही म्हटलं तं दोन दिवस उपाशी राहिल्या. तवापासून मी बसतो सासूबाई होऊन. डोरे मिटून बसा लागते. उघडे दिसले का भेतात. म्हनतात, सासूबाईच्या डोऱ्यातून दुसरंच कोनी पाहून राहिलं."

उन्हात वाळवण तडतडत होतं. मी विचारलं, "तुझा नवरा? काही कळलं त्याचं?"

"आला होता मागच्या साली. दुसरी मेली त्याची. चाल म्हने, पोरं तुलेच माय म्हनतील. मनातून वाटलं बाई, जावं. त्याले आंगनात उभं केलं अन् आत येऊन इचारलं, मावशी, जाऊ का मी? त्या म्हनाल्या, सासूबाई, तुमी कुठं जाता, तुमाले दिसत नाही."

"मग?"

"मग मी बाहेर आली अन् त्याले तेच सांगितलं. मले दिसत नाही म्हटलं. तो माह्या डोऱ्याकडे पाह्यत राहिला अन् चालला गेला."

आतून काहीतरी हलल्याचा आवाज आला. सगुना चटकन उठली. जाता जाता मला म्हणाली, "या. पन बोलू नका. नवा आवाज आला का घाबरतात."

मी चप्पल हातात घेतली आणि दारापर्यंत गेले. सपरीत उजेड होता. सगुना जमिनीवर बसली, पदर डोक्यावरून काढला आणि डोळे मिटले. मिटताक्षणी तिचे खांदे खाली आले, मान किंचित डोलू लागली. हे ती मुद्दाम करत होती की होत होतं, मला सांगता येणार नाही. मागच्या खोलीतून अंजनाबाई आली. वाळलेली, पांढऱ्याशुभ्र केसांची, पण ताठ. तिचेही डोळे मिटलेले. हातात कोमट तेलाची वाटी. ती सगुनाच्या मागे बरोबर येऊन बसली, तिचे केस सोडले आणि तेल जिरवू लागली. फार मायेने, फार सावकाश.

"सासूबाई," अंजनाबाई म्हणाली. आवाज तिचाच, पण मी ऐकलेल्या आवाजापेक्षा कितीतरी तरुण. "तुमचं मी करतो. माझं कोन करन? मले ना पोरगा ना पोरगी. आता माह्या म्हातारपनाचा काही इचार केला पायजे. अजून लय वेर हाये म्हना. पन आतापासून केलेलं बरं."

सगुनाने मान हलवली. "कर," ती म्हणाली. खरखरीत, थकलेला आवाज. तो तिचा नव्हता.

मी मागे सरायला लागले. तेवढ्यात अंजनाबाईचा हात केसांत थांबला. तिने चेहरा दाराकडे वळवला.

"सासूबाई, दारात कोनी उभं हाये."

माझं पाऊल तिथेच थांबलं. बोलावं, मी शाळेतली बाई, चार वर्षं तुमच्या घरी राहिले, असं सांगावं, असं फार वाटलं. सगुनाने डोळे उघडले नाहीत. मान डोलवत ती म्हणाली,

"कोनी नाही बाई. तू तेल लाव."

अंजनाबाई दाराकडून वळली आणि पुन्हा तेल लावू लागली. मी तशीच, चप्पल हातात धरून, अंगणातल्या तापलेल्या मातीवरून अनवाणी बाहेर पडले.